एचआयव्हीच्या गोळ्या सुटू नयेत आणि व्हायरल लोड दबलेला राहावा म्हणून काय काय करायचं

नऊ वर्षं झाली मला, रोज एक गोळी. त्यातले सलग दोन-अडीच महिने मी ती धड घेतली नाही आणि त्याहून वाईट म्हणजे ते कुणाला सांगितलं नाही. हे लिहायला बसले ते त्याचमुळे. नवीन ट्रीटमेंट सुरू झालेले लोक भेटले की सगळे एकच विचारतात, विसरू नये म्हणून काय करू, अलार्म कुठला लावू. ते महत्त्वाचं आहेच, पण मी जे बघितलं त्यात गोळी विसरल्यामुळे जेवढी सुटते त्यापेक्षा जास्त ती लपवण्यापायी सुटते. घरात पाहुणे आहेत म्हणून नको, रूममेट जागी आहे म्हणून नको, आणि मग सुटली हेही लपवायचं म्हणून डॉक्टरांना सांगायचं की सगळं नीट चाललंय. तर पुढचं सगळं हे डोक्यात ठेवून वाचा.

आधी रोजच का घ्यायची ते समजून घ्या, कारण ते पटलं नाही तर कुठलाही अलार्म कामाचा नाही. एचआयव्ही शरीरात रोज अब्जावधी कॉप्या काढतो आणि कॉपी काढताना ढिगाने चुका करतो. बहुतेक चुकलेल्या कॉप्या निकामीच असतात, पण एखादी अशी निघते की जिच्यावर तुमच्या गोळीतलं एखादं औषध चालत नाही. तुम्ही रोज गोळी घेताय, रक्तात औषध पुरेसं आहे, तर व्हायरसला कॉपी काढताच येत नाही, मग चूक तरी कुठून होणार. घोळ होतो तो अर्धवट घेण्यात. दोन दिवस घेतली, तीन दिवस नाही, परत एक दिवस घेतली, म्हणजे औषध आहे पण पुरेसं नाही, अशा वेळी साध्या कॉप्या मरतात आणि ती हट्टी कॉपी उरते आणि वाढते. हाच रेझिस्टन्स, आणि एकदा झाला की तो व्हायरस शरीरात कुठेतरी दबून राहतोच, नंतर तुम्ही कितीही शहाण्यासारखं वागलात तरी. १९८७ मध्ये झिडोव्हुडिन हे पहिलं औषध आलं तेव्हा ते एकटंच द्यायचे आणि काही महिन्यांत व्हायरस त्याला निर्ढावायचा. १९९६ च्या सुमाराला तीन औषधं एकत्र द्यायला लागले तेव्हा कुठे लोक वाचायला लागले. आज तुमच्या त्या एका गोळीत बहुतेक वेळा तीन औषधं असतात, टेनोफोव्हिर ३०० मिग्रॅ, लॅमिव्हुडिन ३०० मिग्रॅ आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिग्रॅ, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ पासून पहिल्या पसंतीला ठेवलेलं कॉम्बिनेशन हेच.

पूर्वी सांगायचे ९५ टक्के डोस झालेच पाहिजेत, म्हणजे महिन्याच्या ३० मधली एखाददुसरी चुकली तर चुकली. डोल्युटेग्राव्हिर त्या मानाने बरंच सांभाळून घेतं, त्याला रेझिस्टन्स सहजी होत नाही, पण प्लीज त्या भरवशावर राहू नका.

वेळ कुठली ठरवायची

डोल्युटेग्राव्हिरवाली गोळी सकाळी घ्या नाहीतर रात्री, जेवून घ्या नाहीतर उपाशीपोटी, फरक पडत नाही. त्यामुळे "सोयीची" वेळ शोधत बसू नका, अशी वेळ शोधा की जेव्हा तुम्ही रोज एकटे असता आणि एक काम न चुकता करता. माझं ते दात घासणं आहे. एखाद्याचं फोन चार्जिंगला लावणं असेल, कुणाचं डोळ्यातल्या लेन्स काढणं असेल. नुसतं "रात्री ९ ला" ठरवलं की ९ ला तुम्ही बसमध्ये असता, मीटिंगमध्ये असता, चार माणसांत बसलेले असता. अलार्म वाजतो, तुम्ही पटकन बंद करता, पाच मिनिटांत घेते म्हणता आणि ती पाच मिनिटं कधी येतच नाहीत. अलार्म लावायचाच, पण आधाराला, आणि त्याचं नाव भलतंच काहीतरी ठेवा, माझ्या फोनवर कितीतरी वर्षं "गॅस बघ" असंच होतं. आणि एक नियम स्वतःला घालून घ्या, गोळी गिळल्याशिवाय अलार्म बंद करायचा नाही, फारतर स्नूझ करायचा.

रात्री घेऊन झोप उडत असेल किंवा विचित्र स्वप्नं पडत असतील तर सकाळी घ्यायला लागा, डोल्युटेग्राव्हिरने काही जणांना हे होतं. एफाव्हिरेन्झवाल्यांचं उलटं, ती गोळी झोपताना आणि शक्यतो रिकाम्या पोटी बरी, कारण चक्कर आल्यासारखं होतं ते झोपेत निघून जातं. आणि रिल्पिव्हिरिन असेल तर ती जेवणाबरोबरच, नुसत्या पाण्याबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाही. म्हणजे आपल्या गोळीत नेमकं काय आहे हे तुम्हाला माहीत पाहिजे. बाटलीच्या लेबलचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा, आजच.

बाटलीची गोष्ट

आता सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न, घेतली की नाही घेतली? रोजरोजचं काम असलं की कालची आठवण आजच्यात मिसळते. मी बाटली उलटी करते. म्हणजे रात्री गोळी घेतली की बाटली झाकणावर उलटी ठेवायची, सकाळी दात घासताना ती सरळ करायची. रात्री कपाटात हात घातला आणि बाटली सरळ असली तर आजची बाकी आहे, उलटी असली तर झालीय, बास. सात कप्प्यांचा पिल बॉक्स पण मस्त, फक्त गोळ्यांना दमट हवा सोसत नाही, बाटलीत जी छोटी पुडी असते ना ती त्यासाठीच असते, ती टाकून देऊ नका, आणि एका वेळी आठवड्याच्याच बाहेर काढा. बाथरूममध्ये ठेवू नका, उन्हात तापणाऱ्या गाडीत तर अजिबात नको.

अजून एक, बाटली वाजते. पर्समध्ये बाटली असली की प्रत्येक पावलाला खुळखुळ, आणि आपल्याला वाटतं अख्ख्या जगाला ऐकू येतंय. मला तर लिफ्टमध्ये श्वास रोखून उभं राहायची सवय लागलेली. त्या आवाजापायी मी कितीतरी वेळा बाटली घरीच ठेवून गेले. शेवटी दोन गोळ्या एका छोट्या डबीत, टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून, रोजच्या बॅगच्या आतल्या कप्प्यात ठेवायला लागले, कायमच्या, आणि महिन्याला बदलायच्या. ऑफिसमध्ये उशीर झाला, कुणाकडे राहावं लागलं, गाडी चुकली, काही झालं तरी माझ्याजवळ दोन दिवस आहेत. लेबल लपवायचं असेल तर व्हिटॅमिनच्या रिकाम्या बाटलीत टाकू नका, घरातलं कुणीतरी खरंच व्हिटॅमिन समजून घेईल. आपल्याच बाटलीचं लेबल सोलून काढा, आणि त्याआधी फोटो काढला आहे ना ते बघा. घरात लहान मूल असेल तर मात्र लपवण्याच्या आधी त्याचा हात पोचणार नाही हे बघा.

एक माणूस असा पाहिजे ज्याला माहीत आहे. सगळ्यांना सांगा असं मी कधीच म्हणणार नाही, कुणाला सांगायचं हा फक्त तुमचा अधिकार आहे आणि काही घरांत ते सांगणं धोक्याचं असतं, पण एक कुणीतरी, बहीण, मित्र, दुसरं कुणी पॉझिटिव्ह असलेलं, जो रात्री नुसता "झालं?" एवढा मेसेज टाकेल. माझी अशी एक मैत्रीण आहे, तीही गोळ्या घेते, आम्ही एकमेकींना एक ठिपका पाठवतो, फक्त एक ठिपका. ठिपका आला नाही की फोन.

डोस चुकलाच तर

दिवसातून एकदाची गोळी असेल तर आठवेल तेव्हा लगेच घ्या. डोल्युटेग्राव्हिरचा नियम असा की पुढच्या गोळीला ४ तासांपेक्षा जास्त वेळ असेल तर चुकलेली घेऊन टाकायची, त्याहून कमी उरला असेल तर ती सोडायची आणि पुढची नेहमीच्या वेळेला घ्यायची. म्हणजे रात्री १० ची विसरलात आणि दुपारी ३ ला आठवलं, घ्या, आणि रात्री १० ची पण घ्या. दोन गोळ्या एकदम मात्र घेऊ नका भरपाई म्हणून. गोळी घेतल्यावर तासाभराच्या आत उलटी झाली तर परत एक घ्या. दिवसातून दोनदा गोळ्या असणाऱ्यांचं गणित वेगळं, ते आधीच विचारून लिहून ठेवा.

आणि दारू. कितीतरी जण असं समजतात की आज प्यायलो तर गोळी घ्यायची नाही, दोन्ही मिळून विष होतं. नाही होत. दारू लिव्हरला वाईट आणि दारूच्या नादात गोळी विसरली जाते हे खरं, कमी करा म्हणून डॉक्टर सांगतात ते बरोबरच, पण प्यायलात त्या दिवशी सुद्धा गोळी घ्यायचीच. या एका गैरसमजापायी लोक दर शनिवार-रविवार गोळी सोडतात, म्हणजे आठवड्याला दोन, म्हणजे महिन्याला आठ!

बाकीची औषधं, हे नीट वाचा

हे खूप कमी लोकांना सांगितलं जातं. तुम्ही एकही डोस न चुकवता सुद्धा औषध रक्तात कमी पडू शकतं. जळजळीवरची अँटासिडची गोळी किंवा सिरप, ज्यात अ‍ॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असतं, ते डोल्युटेग्राव्हिरला पोटातच चिकटून बसतं आणि ते शोषलंच जात नाही. म्हणून डोल्युटेग्राव्हिर अँटासिडच्या २ तास आधी घ्या किंवा ६ तास नंतर. कॅल्शियम, आयर्न, मल्टिव्हिटॅमिनलाही तसंच, फक्त त्यांच्यात एक सूट आहे की जेवणाबरोबर दोन्ही एकत्र घेतलं तर चालतं. गरोदर बायकांना आयर्न-कॅल्शियम रोजच असतं तर त्यांनी हे लक्षात ठेवाच. ओमेप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी डोल्युटेग्राव्हिरबरोबर चालते पण रिल्पिव्हिरिनबरोबर अजिबात चालत नाही, म्हणून परत सांगते, आपल्या गोळीत काय आहे ते माहीत पाहिजे.

टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राव्हिर दिवसातून दोनदा लागतं, १२ तासांनी आणखी एक ५० मिग्रॅची. फिटच्या काही जुन्या गोळ्या, कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, ह्या पण डोल्युटेग्राव्हिर कमी करतात. डायबेटिसचं मेटफॉर्मिन उलट जास्त चढतं, म्हणून ते शक्यतो दिवसाला १००० मिग्रॅच्या वर जाऊ देत नाहीत. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर लेबलचा फोटो दाखवा. लाज वाटते, माहितेय, मलाही वाटायची, दातांच्या डॉक्टरपुढे तर तोंडातून शब्दच फुटायचा नाही. नाहीच सांगवलं तर प्रिस्क्रिप्शन घेऊन या आणि नवी गोळी तोंडात टाकण्याआधी आपल्या एचआयव्हीच्या डॉक्टरला किंवा फार्मासिस्टला विचारा.

त्रास होत असेल, वजन वाढतंय, झोप नाही, डोकं दुखतं, उदास वाटतं, तर गोळी बंद करून बघू नका, सांगा. बदलता येते, पर्याय आहेत. काही देशांत आता कॅबोटेग्राव्हिर-रिल्पिव्हिरिनची इंजेक्शनं मिळतात, दर महिन्याला किंवा दोन महिन्यांनी, ज्यांना रोज गोळी लपवणं जमत नाही त्यांच्यासाठी ते वरदान आहे, पण तारीख तिथेही पाळावी लागते. आणि ज्यांना हिपॅटायटिस बी पण आहे त्यांनी तर स्वतःच्या मनाने टेनोफोव्हिर कधीच थांबवू नये, तेच औषध हिपॅटायटिसलाही दाबून ठेवतं, बंद केलं की लिव्हर एकदम भडकू शकतं.

व्हायरल लोडचा आकडा कसा वाचायचा

व्हायरल लोड म्हणजे १ मिली रक्तात व्हायरसच्या किती कॉप्या आहेत तो आकडा. ट्रीटमेंटनंतर साधारण ६ महिन्यांनी, मग १२ महिन्यांनी, आणि सगळं ठीक असलं की वर्षाला एकदा करतात. रिपोर्टवर "डिटेक्ट झाला नाही" किंवा "५० पेक्षा कमी" आलं की मस्त. कधीतरी ८०, १२० असं येतं आणि पुढच्या वेळी परत गायब होतं, त्याला ब्लिप म्हणतात, त्यावर झोप उडवू नका. १००० च्या वर गेला तर मात्र गंभीर, तेव्हा गोळ्या कशा घेताय ते बोलून नीट करतात आणि साधारण ३ महिन्यांनी परत टेस्ट करतात.

आणि आता ती गोष्ट जी मला पहिल्या दिवशीच कुणीतरी सांगायला हवी होती. व्हायरस डिटेक्ट होत नसेल तर सेक्समधून तो जोडीदाराला जात नाही. कमी जातो असं नाही, जातच नाही. २०११ मध्ये एचपीटीएन ०५२ नावाच्या अभ्यासात ट्रीटमेंट लवकर सुरू केल्याने जोडीदाराला लागण होणं ९६ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं, आणि पुढे युरोपातल्या पार्टनर अभ्यासात, ज्याचा दुसरा भाग २०१९ मध्ये आला, हजारो वेळा कंडोमशिवाय संबंध येऊनही व्हायरस दबलेल्या माणसाकडून जोडीदाराला एकही लागण झाली नाही, शून्य. याला यू इज इक्वल टू यू म्हणतात, अनडिटेक्टेबल म्हणजे अनट्रान्समिटेबल, व्हायरस दिसत नाही तर तो पसरतही नाही. यासाठी निदान ६ महिने व्हायरस सलग दबलेला हवा आणि गोळ्या चालू हव्यात. हे सेक्सपुरतंच हं, सुया शेअर करण्याला लागू नाही, अंगावर पाजण्यात धोका खूप कमी होतो पण शून्य म्हणत नाहीत, आणि बाकीचे गुप्तरोग याने थांबत नाहीत.

फक्त "डिटेक्ट नाही" म्हणजे "बरा झाला" नाही. व्हायरस काही पेशींत झोपून राहतो, तिथे गोळी पोचून काही करू शकत नाही कारण तो तिथे काही करतच नसतो. गोळी थांबली की बहुतेकांचा लोड दोन ते चार आठवड्यांत परत वर येतो. थोडा ब्रेक देऊ का शरीराला, असं मला बरेच जण विचारतात. तो प्रयोग करून झालाय. स्मार्ट नावाच्या मोठ्या अभ्यासात सीडी फोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, चांगला असेल तेव्हा गोळ्या थांबवून बघितल्या, २००६ मध्ये तो मध्येच आवरावा लागला, कारण थांबवलेल्या लोकांत आजार आणि मृत्यू जास्त झाले, अगदी हृदय, किडनी, लिव्हरचे सुद्धा.

माझं काय झालं

पाचव्या वर्षी मला नाईट शिफ्ट लागली आणि त्याच सुमाराला घरी एक नातेवाईक राहायला आल्या, माझ्याच खोलीत. दात घासायची वेळ बदलली, कपाट आमचं दोघींचं झालं, बाटली मी बुटांच्या खोक्यात ठेवली आणि खोकं बेडखाली. म्हणजे गोळीसाठी गुडघ्यावर बसून खोकं ओढायचं, तेही त्यांच्यासमोर. आठवड्याला चारेक व्हायच्या. गोळ्या मिळतात त्या सेंटरवर काउन्सेलरने विचारलं, मी म्हटलं एकही नाही चुकली. बाटलीत उरलेल्या गोळ्या मी येताना काढून ठेवल्या होत्या, तिने मोजल्या तरी हिशोब जुळावा म्हणून! लोड आला ३,४०० च्या आसपास.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले गोळ्या नीट चालू असताना हा आकडा म्हणजे औषध काम करत नाहीये, रेझिस्टन्सची टेस्ट करू, लाईन, म्हणजे औषधांचा अख्खा संच, बदलावी लागेल कदाचित. म्हणजे माझ्या एका खोट्यामुळे चांगलं चालणारं औषध हातचं जाणार होतं आणि जास्त गोळ्यांचं, जास्त त्रासाचं औषध गळ्यात पडणार होतं. मी तिथेच रडले आणि खरं सांगितलं. कुणी रागावलं नाही. काउन्सेलरने एवढंच विचारलं की बाटली ठेवायला घराबाहेर जागा आहे का, आणि ऑफिसचं लॉकर हे उत्तर दोन मिनिटांत निघालं, अडीच महिने मला न सुचलेलं. शिफ्टला पोचले की लॉकर उघडायचं, बॅग ठेवायची, गोळी घ्यायची. ३ महिन्यांनी लोड परत ५० च्या खाली. माझं नशीब की औषध अजून चालत होतं, प्रत्येकाचं तसं होतंच असं नाही.

म्हणून गोळ्या मोजा, पण स्वतःसाठी. ३० ची बाटली उघडली ती तारीख झाकणावर मार्करने लिहा. २८ दिवसांनी त्यात २ उरायला पाहिजेत. ६ उरल्या असतील तर ४ चुकल्या, म्हणजे २८ पैकी २४, ८६ टक्के. मग ते चार दिवस कुठले होते ते आठवा. प्रवासाचे होते का, भांडणाचे होते का, प्यायलेले होते का, कुणी घरी होतं का, की काहीच करावंसं वाटत नव्हतं असे होते. हे शेवटचं असेल तर ते गोळीबद्दल नाहीये, डिप्रेशन असू शकतं आणि त्याची ट्रीटमेंट होते, ते पण सांगा. संपायच्या दहा दिवस आधी पुढचा साठा आणा, आणि तब्येत स्थिर असेल तर ३ किंवा ६ महिन्यांच्या एकदम मिळतील का ते विचारा, बऱ्याच ठिकाणी देतात.

आणि जर तुमची ट्रीटमेंट आठवडे, महिने, वर्षं बंदच पडली असेल, तर घरात पडलेली जुनी बाटली उघडून आपलं आपण सुरू करू नका. नेव्हिरापिन आणि अबाकाव्हिर ही एचआयव्हीचीच औषधं, त्यातल्या नेव्हिरापिनला आठवड्यापेक्षा जास्त खंड पडला की परत कमी डोसपासून चढवावं लागतं, अबाकाव्हिर मध्ये थांबवून परत घेताना काहींना जोराची ॲलर्जी येऊ शकते. खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं, सतत डोकेदुखी, यातलं काही असेल तर ते आधी सांगा, कारण टीबी किंवा मेंदूचं इन्फेक्शन लपलेलं असेल तर ते आधी बघावं लागतं. सीडी फोर २०० च्या खाली असेल तर इन्फेक्शन होऊ नये म्हणून वेगळी गोळी जोडून देतात. जाताना भीती वाटते की ओरडतील, नाव काढून टाकलं असेल. तरी जा. आत गेल्यावर काय बोलायचं ते सुचत नसेल तर हे वाचून दाखवा, फोनवरूनच: "माझ्या गोळ्या अमुक महिन्यापासून बंद आहेत, कारण हे हे होतं, मला परत सुरू करायच्या आहेत, आणि ते कारण अजून संपलेलं नाहीये, त्याचं काय करता येईल?" यातला शेवटचा प्रश्न विसरू नका, औषधाइतकाच तो विचारून घ्यायचा आहे.